आमदारसाहेब, शिबिर झाल्यानंतरचं थोडं बोलू

प्रति,
मा. आमदार,
आमचा मतदारसंघ, बेळगाव जिल्हा

विषय : आरोग्यसेवेला आणि म्हाताऱ्या-अपंगांच्या देखभालीला आपण जाहीर केलेला पाठिंबा

सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर तुमचं आरोग्य शिबिर झालं. मंडप ऐसपैस होता, उप्पीट-शिरा गरम होता आणि तुम्हीही सांगितल्या वेळेपेक्षा फक्त सव्वा तास उशिरा आलात. आमच्याकडच्या हिशेबानं हे वेळेवरच. भाषणात तुम्ही म्हणालात, की चांगली आरोग्यसेवा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची, अपंगांची देखभाल या कामाला तुमचा पूर्ण पाठिंबा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी टाळी मनापासून होती, म्हणून तर हे पत्र लिहायला बसलो.

मी कोण ते आधी सांगतो. गावात माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. गावाचं नाव घालत नाही, कारण नाव घातलं की पत्र एका दवाखान्याची, एका डॉक्टरची, एका नर्सबाईची तक्रार होऊन बसतं, आणि मला त्यांच्याविरुद्ध काही मांडायचं नाही. तुमचा पक्षही लिहीत नाही. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कागवाड, तिकडं कारवार-हल्याळ किंवा भालकी-औराद, कुठल्याही मराठी गावातल्या माणसानं आपल्या आमदाराचं नाव घालून हे वाचलं तरी फारसं काही बदलायला लागणार नाही.

शिबिर दुपारी संपलं आणि माझ्या दुकानासमोर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. प्रत्येकाचं एकच म्हणणं, "यात काय लिवलंय बघा की ओ." चिठ्ठी अर्धी कन्नडमध्ये, अर्धी इंग्रजीत. मी मराठी शाळेत शिकलेला, पण कन्नड दुकानातच आलं, पोटापाण्याबरोबर. त्यामुळं गावात माझं अर्धं काम गोळ्या देण्याचं आणि अर्धं कागद वाचून दाखवण्याचं. त्या संध्याकाळी एका मावशींची साखर तीनशेच्या वर लिहिलेली होती. शिबिरात पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. मावशींनी पट्ट्या मोजल्या, पदराच्या गाठीला बांधल्या आणि विचारलं, "आणि पंधरा दिसांनी?"

माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं. सरकारी आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन फुकट मिळायला हवी. मिळते तेव्हा मिळते. संपली की लोक माझ्याकडं येतात आणि पैसे देऊन घेतात. म्हणजे त्यांच्या तुटवड्यावर माझं दुकान चालतं. हे कबूल करून टाकतो, उगाच नंतर कुणी म्हणायला नको. पण पैसे नसले की लोक गोळी अर्धी करून खातात, आणि ते कुणाच्याच वहीत येत नाही. शिबिराच्या आकड्यात त्या मावशी 'लाभार्थी' म्हणून मोजल्या गेल्या असतील. लाभ पंधरा दिवसांचा होता.

साहेब, माझं सगळं म्हणणं या सोळाव्या दिवसाबद्दल आहे.

तुम्हाला योजना माहीतच आहेत, तरी हिशेब मांडतो. बीपीएल कार्ड असलं की आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. चांगलीच गोष्ट आहे. आमच्या गावात दोघांच्या हृदयाची ऑपरेशनं त्यावर झाली, नाहीतर शेत विकायला लागलं असतं. पण हे पैसे ऑपरेशनचे, खाटेचे, अ‍ॅडमिट असतानाचे. आयुष्मान भारतच्या नियमात डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च धरलेला आहे. सोळाव्या दिवशी माणूस घरच्यांचा. मग ड्रेसिंग, लघवीची नळी, अंथरुणाला लागलेल्या माणसाची कूस बदलणं, जेवण भरवणं, व्यायाम करून घेणं, या कशालाच कुठल्याही कार्डावर पैसा नाही. ऑपरेशनला ५ लाख, नंतरच्या ड्रेसिंगला शून्य.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. शहरात उपचार झाले, डॉक्टर चांगले होते, आई वाचली. अकराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि अँब्युलन्सवाल्यानं तिला आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, आणून ठेवलं. जाताना तो म्हणाला, "दर दोन तासाला कूस बदला, नाहीतर पाठ जाईल." तीन वर्षांत कुणी सांगितलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, आणि ती एका ड्रायव्हरनं सांगितली. कागदावर ती इंग्रजीत एका ओळीत होती.

आम्ही दोन तास पाळले. दिवसा पाळले. रात्री बायको आणि मी पाळ्या लावल्या, पण तिसऱ्या आठवड्यात दोघंही एका रात्री झोपलो ते पहाटे पाचलाच उठलो. चार दिवसांनी माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग दिसला. दाबला तरी पांढरा होईना. मी औषधदुकानदार, डाग बघताच कळलं. एका जागी वजन राहिलं की तिथलं रक्त थांबतं, कातडी आतून मरायला लागते, वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. महिनाभरात तिथं माझी मूठ जाईल एवढी जखम झाली. ती भरून यायला सात महिने लागले.

तुम्ही वापरता तो पाठिंबा हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून शब्दशः वापरात आहे. आईला कुशीवर वळवलं की मागं उशी लावावी लागते. ती सरकली की आई म्हणते, "पाठिंबा लाव रे." एरवी तिचं बोलणं पुसट झालंय, पण हा शब्द स्पष्ट येतो. बायको पूर्वी ब्लाऊज शिवायची, दिवाळीत तर तिला जेवायला सवड नसायची. आता शिलाई मशीनवर कापूस, बेटाडिन, हातमोजे आणि डायपरचं पाकीट असतं. मशीनचा पट्टा काढून ठेवलाय. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीची सरकारी व्यवस्था कोणती, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'सून' असं आहे. पोरं गोव्यात, पुण्यात, कोल्हापूरच्या एमआयडीसीत, नाहीतर मराठा लाइट इन्फंट्रीत. घरात सून असली तर म्हातारं माणूस जगतं. नसली तर शेजारीण बघते, तिला जमेल तेवढं.

लघवीची नळी दर महिन्याला बदलावी लागते. काम पंधरा-वीस मिनिटांचं. शिकलेली नर्स घरी येऊन सहज करू शकते. पण तसं येण्याची सोयच नाही. मग गाडी ठरवायची, जायला-यायला बाराशे रुपये, आईला चौघांनी चादरीत उचलून मागच्या सीटवर आडवं करायचं, आणि खड्ड्याखड्ड्याला तिचं कण्हणं ऐकत जायचं. तिला महिन्याला संध्या सुरक्षा योजनेतून १,२०० रुपये पेन्शन मिळते. बरोबर बाराशे. म्हणजे सरकार तिला देतं ते सगळं नळी बदलायला जाण्याच्या गाडीत संपतं. हा योगायोग बघून मला एकदा हसायला आलं होतं.

ती पेन्शनही मध्ये बंद पडली. केवायसी करायला सांगितलं म्हणून तिला एका कचेरीत घेऊन गेलो. अंगठा लावायचा होता. उजव्या हाताची मूठ वळलेली, ती उघडत नाही. मी एकेक बोट तेल लावून सरळ करायचो आणि काचेवर टेकवेपर्यंत ते परत मिटायचं. डाव्या हाताची बोटं उघडतात, पण चाळीस वर्षं भांगलण केलेली, शेणात-राखेत घातलेली बोटं ती. रेघा राहिल्यात कुठं? मशीनचा दिवा लालच. समोरचा पोरगा वैतागून म्हणाला, "बेरळु सरी इडी." बोट नीट ठेवा. तो तरी काय करणार, त्याच्या मागं पन्नास माणसं उभी. डोळ्याच्या मशीनवरही हे काम होतं, हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं. तेही कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून.

आता भाषेबद्दल. ही गोष्ट मांडायला मला नेहमी जड जातं, कारण सीमाभागात भाषेचं नाव काढलं की लगेच झेंडे बाहेर येतात. १ नोव्हेंबरला मराठी माणसं निषेधाचा काळा दिन पाळतात, त्याच्या सायकल फेरीत गेलेला माणूस आहे मी. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा मराठी भाग कन्नड राज्यात कसा गेला ते वडिलांच्या तोंडून ऐकत वाढलो. सुप्रीम कोर्टात २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाभागाबद्दलचा दावा पडून आहे, लागेल तेव्हा निकाल लागेल. पण निकाल लागेपर्यंत छातीत दुखायचं थांबत नाही ना?

मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी सरकारी दवाखान्यातून परस्पर माझ्याकडं आले. हातात पित्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी. मी सहज विचारलं, "काय होतंय काका?" तर म्हणाले, "छातीवर कोन बसल्यागत वाटतंय, चढ चढलं की. थांबलं की उतरतंय." गोळ्या बाजूला ठेवल्या आणि त्यांना माझ्या भाच्याच्या गाडीतून शहरात पाठवलं. ईसीजी काढला, त्याच रात्री अ‍ॅडमिट करून घेतलं. मी काही मोठा हुशार नाही. त्यांनी दवाखान्यातही हेच सांगितलं होतं, शब्दशः. पण डॉक्टर तुमकूरकडचे, नवीन, त्यांना मराठी कळत नाही. मध्ये उभ्या असलेल्या शिपायानं तर्जुमा केला, 'छातीत जळजळतंय म्हणतोय.' बसल्यागतचं जळजळ झालं, आणि त्या एका शब्दानं हृदयाचा रोगी पित्ताचा झाला.

डॉक्टरांचा दोष मी धरत नाही. ते उन्हापावसात या आडगावात येऊन राहिलेत हेच खूप. पण आपल्याकडं दुखण्याला किती शब्द आहेत बघा. कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, मुरडा मारतो, शिणक भरते, उबळ येते, पोटात डचमळतं, जीव घाबरा होतो, अंगात कणकण असते. त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या आजाराकडं बोट दाखवतो. ऐकणाऱ्याला भाषा येत नसली, की या सगळ्यांचं एकच होतं, 'नोवु', म्हणजे नुसतं दुखणं. कन्नडमध्येही असे शब्द भरपूर आहेत, मी रोज ऐकतो. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी आजी महाराष्ट्राच्या दवाखान्यात जाते तेव्हा तिचंही हेच होत असणार. तिच्यासाठीही मी हेच मागितलं असतं.

मागतोय ते फार नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशाच्या पातळीवर जी संरक्षणं ठरली आहेत, त्यांत जिथं एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात असं आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माणसं १५ टक्क्यांच्या वर आहेत. खानापुरात तर बहुसंख्य आहेत. बोर्ड कुठल्या भाषेत हा वाद तुम्ही चालू ठेवा, नाहीतर मिटवा, तुमची मर्जी. मला फक्त तीन कागद हवेत: ऑपरेशनच्या आधी सही घेतात तो संमतीचा कागद, डिस्चार्जचा कागद आणि औषध कधी घ्यायचं ती चिठ्ठी. कन्नडच्या खाली चार ओळी मराठीत. आणि मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढतात तिथं दोन्ही भाषा येणारं एक माणूस. आमच्या गावात बारावी झालेल्या, दोन्ही भाषा फाडफाड बोलणाऱ्या वीस पोरी आहेत. त्यांना काम नाही.

सीमेचं दुसरं दुखणं योजनांचं आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये फुकट उपचारांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांना लागू केली. आम्हाला बरं वाटलं, कुणीतरी आठवण ठेवली म्हणून. इकडून, कर्नाटकातून, लगेच जाहीर विरोध झाला. त्यानंतरचे महिने दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं पेपरात वाचण्यात गेले. माझ्या दुकानात येणाऱ्याला दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या: कुठल्या दवाखान्यात कुठलं कार्ड चालतं, आणि सोबत काय न्यायचं. त्या भाषणांतून त्या कळल्या नाहीत.

मुळात रोगी सीमा बघून चालत नाही. अथणी-रायबागकडची माणसं मिरजेला जातात. वॉन्लेस मिशन हॉस्पिटल १८९४ चं, आज्याच्या काळापासूनची पायवाट आहे ती. निपाणीचे कोल्हापूरला जातात. कणकुंबी-जांबोटीकडून चोर्ला घाट उतरून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जातात, कारवारचेही तिकडंच. तिथं २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क पडायला लागलं. शक्ती योजनेत जून २०२३ पासून बायकांना कर्नाटकात एसटी फुकट आहे, पण मिरजेला, कोल्हापूरला जायचं म्हटलं की तिकीट काढावं लागतं. (आम्ही कर्नाटकाच्या बसलाही एसटीच म्हणतो, राग मानू नका.) एकशे आठच्या अँब्युलन्सचा तर वेगळाच खेळ. नंबर दोन्ही राज्यांत एकच. आमच्या पाहुण्यांच्या वाडीत मोबाइलला पलीकडचा टॉवर मिळतो, तिथून फोन केला तर तो दुसऱ्या राज्यात लागला. पलीकडची बाई बिचारी चांगली बोलली, गाव कुठलं विचारलं, आणि मग म्हणाली, "दादा, हे आमच्यात येत नाही." २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय गाडी पुढं सोडत नव्हते, तेव्हा तर सख्ख्या बहिणीच्या मयताला जाता आलं नाही अशी माणसं आमच्या गावात आहेत. तो काळ वेगळा होता, मान्य. पण सीमा माणसाच्या अंगावरून कशी जाते ते तेव्हा कळलं.

बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडचे जिल्हाधिकारी एका टेबलाशी बसून हे सोडवू शकतात. पुराच्या वेळी अलमट्टी धरणाच्या पाण्याचं ते बोलतातच की. मग एकशे आठच्या फोनचं का नाही?

आता नर्सबाई आणि आशाताई. उपकेंद्राचा सरकारी हिशेब असा आहे, की सपाटीला ५,००० लोकांमागं एक आणि डोंगराळ भागात ३,००० मागं एक. कागदावर बरोबर. पण खानापूरकडच्या भीमगडच्या जंगलात तीन हजार माणसं जमवायची तर किती वाड्या आणि किती ओढे ओलांडावे लागतात ते एकदा मोजा. डोकी मोजून अंतर कळत नाही. २०२४ च्या जुलैत तिकडच्या एका गावातून आजारी बाईला माणसांनी लाकडाच्या स्ट्रेचरवर घालून भर पावसात, जंगलातून, कित्येक किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणलं. फोटो सगळीकडं फिरले. चार दिवस सगळे हळहळले. मग आधी रस्ता का आधी पुनर्वसन, वनखातं का महसूल खातं, यावर चर्चा वळली, आणि पावसाळा संपला. मला त्या फोटोतली एकच गोष्ट खुपते. त्या बाईला कुणाच्या पायांनी आणलं ते दिसलं. तिला तिथून हलवायची वेळ येण्याच्या आधी महिनाभर कुणी तिच्या दारात गेलं होतं का, ते फोटोत दिसत नाही.

दारात जाते ती आशाताई. २००५ पासून ही बाई सरकारच्या भाषेत 'स्वयंसेविका' आहे, म्हणजे काम नोकरीचं आणि पैसे बक्षिसाचे. जानेवारी २०२५ मध्ये राज्यभरातल्या आशा बंगळूरच्या फ्रीडम पार्कात थंडीत बसल्या, तेव्हा महिन्याला १०,००० रुपयांची हमी देऊ असं त्यांना सांगण्यात आलं. त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. आमच्या आशाताईंचा फोन माझ्याच दुकानात रिचार्ज होतो, उधारीवर. सरकारचं अ‍ॅप त्या फोनमध्ये, डेटा त्यांच्या पैशाचा. माझ्या आईच्या पाठीचा डाग बघून 'हे शहरात दाखवा' असं पहिल्यांदा म्हणाल्या त्या याच. त्यांच्या कामाच्या यादीत अंथरुणाला लागलेली म्हातारी येत नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत. तरी आल्या.

केरळनं २००८ साली घरपोच शुश्रूषेचं धोरण केलं आणि ते काम पंचायतींकडं दिलं. नर्स पिशवी घेऊन घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते आणि पुढच्या घरी जाते. मोठी इमारत नाही, मशीन नाही. आपल्या राज्यातही २०२४ मध्ये कोलारपासून 'गृह आरोग्य' सुरू झालं. घरोघरी जाऊन बीपी, साखर तपासायची. म्हणजे तपासणी उंबऱ्यापर्यंत आली. आता उंबरा ओलांडून आत सोप्यात यायचं तेवढं राहिलंय.

आणि इथं तुमचा पाठिंबा लागतो, साहेब. तुम्ही विचाराल, एक आमदार काय करणार, सरकार वरचं. तर माझ्या अल्पबुद्धीला सुचतं ते लिहितो.

तुमचा स्थानिक विकास निधी वर्षाला २ कोटींचा. त्यातून अँब्युलन्स घेतल्या, त्यावर फोटो लावला, मला फोटोचं वावडं नाही. पण अँब्युलन्सला ड्रायव्हर कोण आणि डिझेल कुणाचं, हे लोकार्पणाच्या दिवशीच सांगा. बस स्टँडवर हायमास्ट दिवा बसवण्याऐवजी तेवढ्याच पैशात हवेचे बेड, व्हीलचेअर आणि वॉकर घेऊन पंचायतीत ठेवले, तर गरज संपली की माणसं परत आणून देतील. मी माझ्या दुकानातून दोन बेड असेच फिरवतो. एक सोडला तर परत आलेत. जो आला नाही तो कुणाच्या घरी आहे मला माहीत आहे, आणि तिथून मागवायला माझी जीभ रेटत नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला आरोग्य रक्षा समिती असते आणि तिथं तुमच्या शब्दाला वजन असतं. तिची बैठक किती वेळा होते, आणि किती वेळा नुसत्या सह्या फिरवून 'झाली' म्हणून लिहितात, ते तुम्ही जाणता. एक बैठक दवाखान्याच्या व्हरांड्यात घ्या. सकाळी दहाला, रांग असते तेव्हा. कुठली गोळी किती दिवस नव्हती एवढाच एक विषय ठेवा. मराठी चार ओळींचा कागद तिथंच मंजूर होऊ शकतो, त्याला बंगळूरची परवानगी लागते असं मला वाटत नाही.

जिल्हा पंचायत, तालुका पंचायतीची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढं निवडणुका लांबतच गेल्या. पूर्वी नर्सबाईची जागा रिकामी राहिली तर झेडपी मेंबरच्या घरी जाऊन बोंबलता यायचं. तो मधला माणूस गेला आणि सगळं ओझं तुमच्या दारात आलं. तुमच्या बंगल्यासमोर सकाळी गर्दी असते ती याचमुळं. त्यातली निम्मी माणसं दवाखान्याच्या बिलासाठी तुमची चिठ्ठी मागायला येतात. तुम्ही देता, सवलत मिळते, ती माणसं जन्मभर तुमचं नाव घेतात. मी त्याला नावं ठेवत नाही. पण चिठ्ठी लागू नये अशी व्यवस्था केली तर तुमचं नाव कोण घेईल, अशी भीती तुमच्या मनात नसेल असं मी धरून चालतो.

दरवर्षी डिसेंबरात दहा-बारा दिवस सरकार अधिवेशनासाठी बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधान सौधात येतं. २०१२ पासून ती इमारत आम्ही जाता-येता बघतो, रात्री लाइटिंग छान असतं. तिथं या खेपेला एक प्रश्न विचारा: बेळगाव जिल्ह्यात अंथरुणाला खिळलेली माणसं किती, आणि त्यांच्या घरी महिन्यातून एकदा तरी सरकारी नर्स जाते का? कुठल्याही भाषेत विचारा. २०२३ मध्ये महिला व बालकल्याण खातं बेळगाव ग्रामीणच्या आमदारांकडं गेलं होतं, म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुखणं मंत्रिमंडळात कुणाला समजावून सांगायला लागायला नको. आकडा नाही असं उत्तर आलं तर तेही एक उत्तर झालं. मग तो आकडा गोळा करायला आमच्या गावापासून सुरुवात करा. मी आणि आशाताई एका रविवारात मोजून देतो. आमच्या गावात माझ्या माहितीत नऊ जण आहेत. तुमच्या शिबिराला त्यातलं एकही आलं नव्हतं. त्यांना येता येत नाही.

त्या साखरवाल्या मावशींच्या गोळ्या येत्या गुरुवारी संपतात. त्या आरोग्य केंद्रात जाऊन बघणार आहेत. नसल्या तर माझ्याकडं येतील.

हे पत्र मराठीत लिहिलंय. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानं गाऱ्हाणं मांडायला राज्यात चालणारी कुठलीही भाषा चालते, म्हणून तेवढी सूट घेतली. उत्तर कन्नडमध्ये आलं तरी हरकत नाही, मला वाचता येतं. आईला दुपारी चारला कुशीवर वळवतो, तेव्हा तिला मराठीत करून सांगेन.

आपला एक मतदार
(मेडिकल दुकानदार)